एका रविवारी गर्दी, दुसऱ्या रविवारी शुकशुकाट

प्रश्न : आम्ही बोईसरला राहतो. दिवाळीनंतर मुलीच्या हट्टापायी पक्षी पाहायला चिंचणीच्या किनाऱ्यावर जाऊ लागलो. पहिल्या रविवारी सकाळी सातच्या सुमारास पोहोचलो तेव्हा भला मोठा चंद्र समुद्रावर टेकायला आला होता आणि ओल्या चिखलावर शेकडो पक्षी चरत होते. खूश होऊन पुढच्या रविवारी शेजाऱ्यांनाही घेऊन गेलो. तीच वेळ, तीच जागा. डोक्यावर अर्धा चंद्र होता, पाणी सुरूच्या झाडांजवळ आले होते आणि पक्षी म्हणाल तर चार कावळे. तिसऱ्या रविवारी बापलेक दोघेच गेलो. चंद्र कुठे दिसला नाही, पक्षी मात्र भरपूर. चौथ्या रविवारी पुन्हा शुकशुकाट. एक शेजारी म्हणतात, कुठला तरी कारखाना एक आठवड्याआड घाण पाणी सोडत असणार. दुसरे म्हणतात, पक्षी अणुकेंद्राच्या गरम पाण्यासाठी येतात, केंद्र बंद असले की फिरकत नाहीत. पुण्याचे पाहुणे विचारतात, हे अभयारण्य कोणते आणि तिकीट किती? शिवाय पुस्तकात काळ्या डोक्याचा कुरव दाखवला आहे, इथला पांढऱ्या डोक्याचा कसा?
(एक वाचक, बोईसर)

उत्तर : तुमच्या पत्राचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. पक्षी पाहायला गेलात आणि जाता जाता चंद्रही पाहिलात, हे फार बरे झाले. चंद्राचा उल्लेख नसता तर मला तुमच्याकडे तारखा मागवाव्या लागल्या असत्या.

आधी कोडे नीट मांडू. पक्षी एका रविवारी आहेत, पुढच्या रविवारी नाहीत, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा आहेत. इतक्या शिस्तीत आलटूनपालटून घडणारी गोष्ट दिसली, की कोणावर आळ घेण्याआधी भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे. त्यातही तारखेचा मोठा आकडा सोडून त्याखाली बारीक अक्षरात छापलेली तिथी वाचावी. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांना रविवार ठाऊक नाही. त्यांचा दिवस भरती-ओहोटीने ठरतो, आणि भरती-ओहोटी चंद्राने.

हे पक्षी किनाऱ्यावर येतात कशाला, तर जेवायला. चिखल्या, तुतवार, कोरल ही मंडळी पोहून मासे धरणाऱ्यांतली नाहीत. त्यांचे अन्न चिखलात असते : किडे, बारीक शिंपले, कोलंबीची पिल्ले, छोटे खेकडे. ओहोटी लागून पाणी मागे हटले, की हे ताट उघडे पडते. भरती आली, की त्यावर झाकण. म्हणजे चोवीस तासांत हे ताट दोनदा उघडते आणि दोनदा झाकते, मग तेव्हा दिवस असो वा रात्र. हे पक्षी रात्रीही चरतात ते याचमुळे.

पुढच्या खेपेला एकाच पक्ष्यावर पाच मिनिटे नजर ठेवा. चिखल्या चार पावले तुरुतुरु पळतो, एकदम थांबतो, मान किंचित वाकडी करतो आणि एकच टोच मारतो. त्याची चोच आखूड आणि डोळे मोठे, म्हणून तो वरवरचे टिपतो. त्याच्या शेजारचा कोरल सावकाश चालतो. त्याची लांब, खाली वाकलेली चोच जवळजवळ मुळापर्यंत चिखलात जाते आणि बिळातला खेकडा घेऊन बाहेर येते. मग तो खेकडा झटकून झटकून त्याच्या नांग्या-पाय तोडतो आणि उरलेले अंग गिळून टाकतो. एकाच चिखलात दहा जातींचे पक्षी फारसे न भांडता जेवतात, कारण प्रत्येकाच्या चोचीची लांबी वेगळी आणि त्यामुळे प्रत्येकाचा थरही वेगळा.

आता हिशेब. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. सात दिवसांत ती सात गुणिले पन्नास म्हणजे साडेतीनशे मिनिटे, अर्थात जवळजवळ सहा तास सरकते. आणि ओहोटीपासून भरतीपर्यंतचे अंतरही साधारण सव्वासहा तासांचेच असते. त्यामुळे या रविवारी सकाळी सातला जिथे ओहोटी, तिथे पुढच्या रविवारी सातला भरतीचे पाणी. चौदा दिवसांत चक्र जवळजवळ पुरे होते आणि तिसऱ्या रविवारी पुन्हा ओहोटी. तुमचे चारही रविवार या हिशेबात चपखल बसतात. पक्षी कुठे पळून गेले नव्हते. त्यांचे ताट झाकलेले होते, एवढेच.

यात चंद्राचा तुकडा असा बसतो. आपल्या या किनाऱ्यावर चंद्र डोक्यावर (किंवा पायाखाली, म्हणजे पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला) असतो त्या सुमारास भरती असते आणि तो उगवतीला किंवा मावळतीला टेकलेला असतो तेव्हा ओहोटी. पहिल्या रविवारी तुम्ही मोठा चंद्र समुद्रावर मावळताना पाहिलात. म्हणजे नुकतीच पौर्णिमा झालेली आणि ओहोटीची वेळ. दुसऱ्या रविवारी डोक्यावर अर्धा चंद्र. म्हणजे कृष्णपक्षातल्या अष्टमीच्या आसपासचा दिवस आणि भरती. तिसऱ्या रविवारी चंद्र नाही, म्हणजे अमावास्या. तेव्हा चंद्र सूर्याच्या संगतीने उगवतो, म्हणून दिसत नाही, पण क्षितिजावर असतोच. पुन्हा ओहोटी. चौथा रविवार शुद्ध अष्टमीचा. त्या पहाटे चंद्र पायाखाली होता, तुम्हाला दिसला नाही, पण भरती त्याने केलीच.

हा नियम मात्र प्रवासात बरोबर नेऊ नका. भरतीची लाट समुद्रतळाच्या आणि किनाऱ्याच्या आकारानुसार मागेपुढे होते. प्रत्येक बंदराची उशीर करण्याची आपापली सवय असते. तारापूर-डहाणूकडे ढोबळ मानाने जे चालते ते चेन्नईला चालेलच असे नाही.

पूर्वी कोकणपट्टीतली माणसे घड्याळाशिवाय हे कसे जमवत? पाऊणकीने. तुमच्या घरात आजोबा असतील तर त्यांना विचारा, पावकी-निमकीबरोबर पाऊणकीही त्यांच्याकडून घोटून घेतलेली असेल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. प्रतिपदा म्हणजे एक, त्याची पाऊणपट पाऊण, तर भरती पाऊण वाजता. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, तेव्हा सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच, आणि दिवसाची व रात्रीची भरती साधारण त्याच आकड्यावर. या वेळेच्या सव्वासहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. अर्ध्यापाऊण तासाची चूक गृहीत धरा. बिनचूक वेळ हवी असेल तर ती हल्ली फोनवर मिळते, पण फोनवरचा आकडा का बदलतो हे पाऊणकीमुळे कळते.

आणखी एक बारकावा. पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकवटते आणि पाणी जास्त चढते, तसेच जास्त उतरतेही. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा पाणी जेमतेम चढते आणि जेमतेम उतरते. याला भांग म्हणतात. अनेकांना उधाण म्हणजे फक्त मोठी भरती वाटते. पण ज्या दिवशी भरती मोठी, त्याच दिवशी ओहोटीही मोठी. उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत वरखाली होते आणि जसजसे उत्तरेला खंबातच्या आखाताकडे जावे तसतसा हा फरक वाढत जातो. भावनगरला तो दहा मीटरच्या घरात पोहोचतो. आपला किनारा सपाट आणि गाळाचा, त्यामुळे पाणी थोडे खाली गेले तरी चिखल मात्र लांबच लांब उघडा पडतो. तुमच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी उधाणाचे दिवस होते, म्हणून ताटही मोठे वाढलेले होते.

मग भरतीच्या वेळी पक्षी जातात कुठे? लांब नाही. खाडीकाठची खाजणे, मिठागरांचे बांध, तिवरांमागची मोकळी जागा, पाण्याबाहेर राहिलेले खडक, अशा ठिकाणी ते दाटीवाटीने उभे राहतात. बहुतेक एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून, आणि सगळ्यांची तोंडे वाऱ्याकडे. ही त्यांची वामकुक्षी. पाणी उतरेपर्यंत त्यांना तिथून उठवू नये.

आता तुमच्या उपयोगाचे. ओहोटी पूर्ण लागलेली असताना गेलात, तर चिखल भरपूर पण पक्षी पार पाण्याच्या रेषेजवळ, मुंगीएवढे दिसणार. त्यापेक्षा ओहोटी सरून पाणी चढू लागल्यावर किनाऱ्यावर जाऊन बसा. पाणी चढते तसा चिखलाचा पट्टा अरुंद होतो आणि पक्षी आपसूक तुमच्याकडे सरकत येतात. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत सकाळी साडेसात ते साडेनऊ ही वेळ म्हणूनच उत्तम. त्यात आपला किनारा पश्चिमेचा. सकाळी समुद्राकडे तोंड केले की सूर्य पाठीशी येतो आणि पक्ष्यांचे रंग उजळ दिसतात. संध्याकाळी तेच पक्षी नुसत्या काळ्या सावल्या.

पक्षी जवळ यावेत म्हणून चिखलात पुढे चालत जाऊ नका. एक तर पाय गुडघ्यापर्यंत रुतू शकतो, आणि सपाट किनाऱ्यावर चढणारे पाणी मागून कधी वळसा घालते ते कळत नाही. दुसरे, तुमच्या प्रत्येक पावलागणिक थवा उठतो. मुलांना ते पाहायला मजा वाटते, थव्याला मात्र ते महागात पडते. या पक्ष्यांतले बरेचसे हिवाळ्यापुरते आलेले पाहुणे आहेत. कोणी मध्य आशियातून, कोणी सायबेरियाकडून, कोणी हिमालयापलीकडच्या पठारावरून. एप्रिलच्या सुमारास परत निघायचे तर अंगावर चरबी साठवावी लागते. ती किती लागत असेल? गॉडविट जातीच्या एका पिल्लाने २०२२ मध्ये अलास्काहून थेट टास्मानिया गाठले : ११ दिवस, १३,५६० किलोमीटर, वाटेत एकही थांबा नाही. त्याच्या अंगावर बसवलेल्या उपग्रह-यंत्रामुळे हे समजले. तो काही आपल्याकडचा पाहुणा नव्हे, पण जात याच चिखल चाळणाऱ्यांची. वाळूवर गाडी पळवली, कुत्रा सोडला किंवा मुलाला थव्यात धावत पाठवले, की पक्षी दोन मोजक्या ओहोट्यांत कमावलेले उडण्यातच घालवतो.

कुरवांना शेव-गाठिया टाकण्याची हौसही याच खात्यात जमा. पक्षी झडप घालून खातो म्हणजे त्याला ते मानवते असे नाही. लहान मूल आइस्क्रीमवर झडप घालते, म्हणून आपण त्याला दोन्ही वेळा तेच देत नाही.

अणुकेंद्राचे गरम पाणी. तारापूरचे केंद्र यंत्रणा थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी घेते आणि ते काहीसे तापलेले परत सोडते, इथपर्यंत शेजाऱ्यांचे खरे. पण त्या उबेसाठी पक्षी येतात हे जुळत नाही. केंद्रातून वीज सुरू झाली १९६९ मध्ये. सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक १९४१ चे, आणि हे किनाऱ्यावरचे पाहुणे त्यातही हिवाळी पाहुणे म्हणूनच नोंदवलेले आहेत. शिवाय हेच पक्षी अणुकेंद्र नसलेल्या शेकडो किनाऱ्यांवर उतरतात. उत्तरेत चिखल गोठतो आणि आपल्याकडे तो मऊ राहतो, एवढे कारण त्यांना पुरते. आणि असे केंद्र एक आठवड्याआड बंद-चालू होत नाही. ओघात एक सूचना : त्या परिसरात दुर्बीण आणि कॅमेरा बाहेर काढू नका. तो प्रतिबंधित भाग आहे. तुम्ही बगळा पाहत होता हे सुरक्षारक्षकाला पटवून देण्यात तुमची सकाळ जाईल.

कारखान्यांचे पाणी. इथे शेजारी उगीच बोलत नाहीत. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने खाड्या आणि मासेमारी बिघडल्याची तक्रार या भागात जुनी आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने ती २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे नेली. पण तुमच्या कोड्याला हे उत्तर लागू पडत नाही. प्रदूषणाने चिखलातले किडे-शिंपले मेले तर ते पुढच्या पंधरवड्यात पुन्हा जिवंत होत नाहीत, आणि पक्षीही तिसऱ्या रविवारी शेकड्यांनी परत येत नाहीत. आठवड्यात उलटणारी आणि पंधरवड्यात सुलटणारी गोष्ट ही भरतीची. प्रदूषणाची खूण वेगळी असते. त्याच तिथीला, त्याच ओहोटीला, त्याच जागी गेल्या वर्षी सहाशे पक्षी होते, यंदा चारशे, पुढच्या वर्षी अडीचशे, अशी उतरण दिसली तर चिंता करावी. ती दिसायला मोजणी मात्र सारख्या ओहोटीची हवी. या वर्षीची ओहोटी आणि पुढच्या वर्षीची भरती यांची तुलना करून कोणी हाकाटी केली, तर खरी तक्रारही खोटी पडते.

डोक्याचा रंग. पुस्तकही बरोबर, पक्षीही बरोबर. काळ्या डोक्याचा कुरव ते डोके विणीच्या हंगामापुरते मिरवतो. आपल्याकडे तो येतो हिवाळ्यात, तेव्हा डोके पांढरे आणि डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका. मार्चच्या सुमारास जा, म्हणजे काहींची डोकी काळी पडू लागलेली दिसतील. गावी परतायची तयारी सुरू झाल्याची ती खूण. हिवाळ्यातल्या चिखल्यांचेही तसेच. पुस्तकात छाती तांबूस आणि इथे सगळा राखाडी कारभार. सुरुवातीला सगळे सारखे वाटले तर निराश होऊ नका, जुन्या निरीक्षकांचाही त्यात गोंधळ होतो. मुलीला आधी चोच, पाय आणि चाल ओळखायला शिकवा, रंग नंतर.

पाहुण्यांचे तिकीट. पुण्याच्या पाहुण्यांना सांगा, तिकीट नाही, कारण हे अभयारण्य नाही. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये झाला. त्याखाली सरकार एखादे क्षेत्र अधिसूचित करते तेव्हा ते अभयारण्य होते. आपल्याजवळचे तुंगारेश्वर अभयारण्य वसई तालुक्यात आहे. ते २००३ चे, क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. तानसा अभयारण्य त्याहून आणि या कायद्याहूनही जुने, १९७० चे आणि सुमारे ३२० चौरस किलोमीटरचे. दोन्ही डोंगर-जंगलाची. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांसाठीचे नावाजलेले ठिकाण म्हणजे ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य. ते २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले.

यातून दोन गैरसमज निघतात. पहिला, अभयारण्य नाही म्हणजे पाहण्यासारखे काही नाही. तुमच्या पहिल्या रविवारने तो खोडलाच आहे. दुसरा जास्त घातक : अभयारण्य नाही म्हणजे इथे काहीही चालते. तसे नाही. १९७२ चा कायदा पक्ष्याला तो जिथे असेल तिथे संरक्षण देतो, फाटकाच्या आतच नव्हे. थव्यावर जाळे टाकणे, अंडी उचलणे, पोपट पिंजऱ्यात ठेवणे हे गुन्हेच आहेत. तिवरांची गोष्टही तशीच. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर त्यांच्या तोडीवर बंदी घातली, आणि २०१२ मध्ये राज्याने कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष स्थापन केला. डहाणू तालुका तर १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. म्हणजे तिथे उद्योगांवर बंधने आहेत. तेही अभयारण्य नव्हे, पण मोकळे रानही नव्हे.

राहिलेला रविवार. भरतीचा रविवार तुम्ही वाया गेला म्हणता. तो मी तुम्हाला डोंगराचा रविवार म्हणून परत देतो. अष्टमीच्या सुमाराचा रविवार आला की चिंचणीची वाट सोडा आणि पूर्वेला वळा. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबाची खिंड आहे. वारल्यांचा हा देव, आणि तिथूनच काळदुर्गाची चढण सुरू होते. मुंबई-अहमदाबाद महामार्गाजवळ खोडकोन्यातून अशेरीगडाची वाट जाते. पहाटे निघालात तर हळद्या, तांबट, शेपटीच्या दोन लांब पिसांमुळे भुंगे मागे लागल्यासारखा दिसणारा भृंगराज आणि ऊन चढले की वर घिरट्या घालणारा सर्पगरुड, इतके तरी भेटायला हरकत नाही. खिंडीत माकडे दिसतील. गाडीची काच खाली करून केळे देऊ नका. माकडे रस्त्यावर येऊन गाडीखाली सापडतात ती याच केळ्यांमुळे.

तुंगारेश्वरला आणि तानसाला जाताना मात्र अभयारण्याचे नियम लागू. प्रवेश वन विभागाच्या परवानगीने. आत आग पेटवायची नाही, शस्त्र न्यायचे नाही, परवानगीशिवाय मुक्काम नाही. चुलीवरच्या कोंबडीचा बेत असेल तर तो घरच्या गच्चीवर करा.

तानसाचे नाव निघाले आहे तर एक गोष्ट सांगतो. पक्ष्यांची नोंद खरी का हवी ते तिच्यातून कळते. रानपिंगळा नावाचे लहानसे घुबड १८८४ नंतर कोणालाच सापडत नव्हते. १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ तो मिळाल्याची रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याची एक नोंद होती, म्हणून शोधणारे त्या बाजूलाही भटकत राहिले. पुढे उघड झाले की त्या गृहस्थाने संग्रहालयातला जुना नमुना लांबवून त्यावर नवी चिठ्ठी चिकटवली होती. खोटी नोंद बाजूला काढून जुन्या खऱ्या नोंदींच्या जागी शोध घेतला, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. आणि २०१४ मध्ये तो आपल्या शेजारी तानसातही आढळला. घुबड असून हा दिवसाढवळ्या वावरतो, त्यामुळे त्याच्यासाठी रात्र जागवावी लागत नाही. मात्र त्याला बोलवायला फोनवर त्याचा आवाज लावू नका. आपल्या हद्दीत दुसरा शिरला असे समजून तो खाणेपिणे सोडून भांडायला धावतो.

खोटी नोंद वाट चुकवते, खरी नोंद वाट दाखवते. म्हणून मुलीला नोंदींसाठी एक दोनशे पानी वही घेऊन द्या. महागडा कॅमेरा नको. दुर्बीण घ्यायचीच असेल तर आठ गुणिले बेचाळीसची पुरे. आठ म्हणजे आठपट मोठे दिसते आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बारा-सोळापटीच्या मोहात पडू नका, हात हलतो आणि पक्ष्याऐवजी क्षितिज नाचते. नावांची अडचण आली तर मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ पाहा. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. पाहुणे पक्षी तोवर उतरलेले असतात, त्यामुळे सुरुवातीला तो मुहूर्त चांगला.

वहीत दर खेपेला पाच गोष्टी लिहायला सांगा : तिथी, वेळ, पाणी चढते की उतरते, उभे राहण्याची जागा आणि पक्ष्यांचा अंदाजे आकडा. आकडा ठोकायचा नाही. दहांचा एक पुंजका मोजून तसे किती पुंजके आहेत ते पाहायचे. जे ओळखता आले नाही त्यापुढे ‘ओळखले नाही’ असे लिहायचे. चिंचणीच्या उत्तरेला वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले आहे. पुढच्या काही वर्षांत या किनाऱ्यावर काय बदलले, असे कोणी विचारेल तेव्हा आधी इथे काय होते ते सांगणारी कागदावरची नोंद लागेल, आणि ती उधाणाच्या ओहोटीला उधाणाची ओहोटी जुळवून पाहता येईल अशी हवी.

तूर्त एवढे करा. येत्या शनिवारी रात्री कॅलेंडरमध्ये रविवारची तिथी पाहा, मुलीला तिची पाऊणपट करायला लावा आणि उत्तरातून सव्वासहा तास वजा करायला सांगा. ओहोटी सकाळी सहा-सातच्या आसपास आली तर चिंचणी, दुपारी बाराच्या आसपास आली तर वाघोबा. शेजाऱ्यांनाही हिशेब करूनच बोलवा, म्हणजे पुन्हा त्यांना चार कावळे दाखवायची वेळ येणार नाही.